विकून मोकळे

नावाजलेल्या कंपनीची गाडी घेतली की काळजी मिटली, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक अॅम्बॅसॅडर आणि फियाट या दोन गाड्यांचाच इतिहास नेमके उलटे सांगतो.

परवाना पद्धतीच्या काळात पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक दाराशी ताटकळलेले, मग कारखानदाराला सुधारणेची घाई कशाला? उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची ठेवण शेवटपर्यंत चालवली. मध्यंतरी इंजिन बदलले, एवढेच. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी म्हणजे साठच्या दशकातली फियाटच. कोरी गाडी आधी ओळखीच्या मिस्त्रीला दाखवायची, अशी रीतच पडली होती! १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू होते हे लोकांना कळले. नव्या शतकाच्या तोंडावर पद्मिनी गेली, मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे कामही थांबले.

आता परवाना नाही, कंपन्याही भरपूर. पण खेड्यातले चित्र किती पालटले? तालुक्याला ट्रॅक्टरची शोरूम चकाचक असते. ऐन मृगात क्लच गेला की मात्र सुटा भाग 'पुण्याहून निघालाय'. वापसा चार दिवसांचा, तो थोडाच त्या भागासाठी थांबणार? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा आणि आपल्या ट्रॅक्टरचा हप्ताही भरायचा. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे. वॉरंटीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत. एक सर्व्हिसिंग चुकले की तीच पुस्तिका आपल्यासमोर नाचवली जाते.

शेतकरी बांधवांना एक गोष्ट फारशी माहीत नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेला ट्रॅक्टर असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पण त्यासाठी कागद हवा. जॉबकार्डावर बिघाड आणि तारीख लिहून घ्यावी. "लिहायला कशाला पाहिजे, बघतो की आपण," असे मेकॅनिक म्हणेल. तिथेच अडून बसावे.

कंपन्यांकडे मागणे फार नाही. खरिपाआधी नेहमी लागणारे सुटे भाग तालुक्याला आणून ठेवा आणि वॉरंटी मराठीत छापा. जाहिराती तर मराठीत छापताच!