आधी अँटिव्हायरस बंद करा!

उल्हासनगरच्या पाचांपैकी कोणत्याही कॅम्पात जा, अंबरनाथ स्टेशनबाहेर जा किंवा बदलापूरच्या कुळगावात जा. संगणक दुरुस्तीच्या दुकानात एकच सौदा चाललेला दिसेल. "विंडोज टाकून देतो, ऑफिस टाकून देतो, टॅलीसुद्धा टाकून देतो. सगळं फुल व्हर्जन!" पेनड्राइव्ह खिशातच असतो, आणि त्यातल्या क्रॅकची, म्हणजे परवान्याचे कुलूप फोडणाऱ्या प्रोग्रामची, पहिली सूचना ठरलेली असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. घरफोड्याने फाटकावर येऊन आधी रखवालदाराला सुट्टी द्यायला सांगावे आणि घरमालकाने ती हसत द्यावी, तसा हा मूर्खपणा आहे. आमच्या या पट्ट्यात तो रोज चालतो, आणि त्याला हुशारी म्हणतात!

हा घरमालक कोण? तो गरीब नाही. त्यात दवाखाना थाटलेला डॉक्टर आहे, दुसऱ्याच्या हिशेबातली पै न् पै तपासणारा सनदी लेखापाल आहे, मुलांना सचोटीचे निबंध लिहायला लावणारा क्लासवाला आहे, एमआयडीसीतला कारखानदारही आहे. लाखाचे यंत्र हे लोक बिल घेऊन विकत घेतात, पण ते यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचे पैसे मागितले की यांच्या कपाळाला आठ्या पडतात. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या पाहणीनुसार 2017 मध्ये भारतातले 56 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. या निम्म्याहून अधिक देशाला चोर म्हणायला कोणी धजत नाही. आम्ही म्हणतो!

दुरुस्तीच्या दुकानातून चोरीखेरीज दुसरे काय निघू शकते, ते पाहायला आता पुण्याकडे पाहा. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर. वडील पुण्याला फिलिप्सच्या कारखान्यात कामाला. दहावीनंतर कैलासने शाळा सोडली आणि रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर नोकरी धरली. 1990 च्या सुमारास पंधरा हजारांच्या भांडवलावर स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. बँकेत संगणक आलेला पाहिला आणि कॅल्क्युलेटरचे दिवस भरल्याचे ओळखले. 1993 मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू झाली. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुकानात येणारी बिघडलेली यंत्रे बहुधा व्हायरसने बिघडलेली असत. म्हणून त्याने ते पुसून टाकणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. दर वर्षी 6 मार्चला डिस्क उद्ध्वस्त करणारा 'मायकेलअँजेलो' व्हायरस त्या काळातलाच. त्याआधी 1990 मध्ये भारतातच सापडलेला 'जोशी' नावाचा व्हायरस होता. 5 जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय सोडत नसे. (आमच्या बुद्धीने जगाला काय दिले, याची यादी करताना हा वाढदिवस कोणी मोजत नाही!)

1995 मध्ये या भावांचा 'क्विक हील' अँटिव्हायरस बाजारात आला, किंमत सातशे रुपये. पुढची काही वर्षे फार हलाखीची गेली. अँटिव्हायरस विकत घ्यायचा असतो, हेच गिऱ्हाइकाला पटत नव्हते. दुकानाला टाळे लागायची वेळ आली, तरी भावांनी हात आखडला नाही. गावोगावचे दुरुस्तीवाले हेच त्यांनी आपले विक्रेते केले. 2007 मध्ये कंपनीचे नावच 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाले, 2010 मध्ये सिकोया कॅपिटलने साठ कोटी गुंतवले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये 321 रुपये दराने शेअर विकून कंपनी बाजारात नोंदली गेली. पहिल्याच दिवशी भाव विक्रीकिमतीच्या खाली आला, हेही सांगायला हवे; आम्ही आरती ओवाळायला बसलेलो नाही. विंडोजमध्येच संरक्षण फुकट येऊ लागल्यापासून घरगुती अँटिव्हायरसचा धंदा कठीण झाला आहे, आणि या कंपनीलाही 'सेक्राइट' या नावाने मोठ्या संस्थांकडे वळावे लागले.

तरी मुद्दा ढळत नाही. जगभरच्या बलाढ्य कंपन्यांशी टक्कर देणारी ही कंपनी एका दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली. तसली टेबले उल्हासनगरात कमी आहेत काय? फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेले सुमारे लाखभर निर्वासित इथल्या लष्करी बराकींत राहिले, आणि त्यांनी पापडापासून जीन्सपर्यंत जे हाताला लागेल ते बनवून विकले. त्याच शहराची 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी टिंगल करणारे शहाणे पुण्या-मुंबईत आहेत. त्या शहाण्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज कोणत्या देशाचे आहे, ते आधी दाखवा म्हणावे!

आमचा राग दुरुस्तीवाल्यावर नाही. आम्ही त्याला दुहेरी लुबाडतो. मदरबोर्ड हाताने जिवंत करणाऱ्या पोराला 'पाना-पेचकसवाला' म्हणून हिणवतो, मुलीला स्थळ पाहताना त्याचे नाव खोडतो, आणि त्याच्या ज्ञानाचे पैसे देताना घासाघीस करतो. मग पोट भरायला त्याच्या हाती क्रॅकचा पेनड्राइव्ह उरतो. पदवीचा कागद नसलेल्या माणसाला आम्ही कारागीरही होऊ देत नाही, फक्त चोरीतला भागीदार करतो. ही जातीची नवी उतरंड आहे, आणि ती मोडली पाहिजे.

फुकटाची किंमत पुढे चुकवावी लागते. मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच बुजवलेल्या भोकातून मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर शिरला, कारण अपडेट बंद ठेवलेली यंत्रे लाखोंनी होती. चोरीच्या विंडोजवर अपडेट बहुधा बंदच ठेवलेले असते. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या तसल्याच व्हायरसने न्हावा-शेवा बंदराचे एक टर्मिनल ठप्प केले. अशा चोरांचा डोळा थेट पैशावरही असतो: ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये दोन दिवसांच्या हल्ल्यात लंपास झाले. आमच्याच ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला 2016 मध्ये बनावट कॉल सेंटरे पकडली गेली, अमेरिकी करखात्याच्या नावाने अमेरिकनांना धमकावणारी. लुटणाऱ्यांची ती बुद्धी बाहेरून आलेली नव्हती. आता तीच विद्या 'डिजिटल अटक' म्हणून, फोनवर खोटे पोलीस बनून, आमच्या निवृत्त आजी-आजोबांवर चालते आहे.

गरिबीचे निमित्त आम्ही मानत नाही. केरळने आपल्या सरकारी शाळा मोफत लिनक्सवर चालवल्या. तिथली मुले अडाणी राहिली काय? चोरी न करता फुकट वापरायची वाट उघडी असताना आमच्या शाळा आणि क्लास चोरीचीच वाट धरतात, कारण मुलांना 'विंडोजच यायला हवे' असा पालकांचा हट्ट! त्या हट्टापायी मूल पहिला धडा कोणता शिकते? चोरीचा.

म्हणून आम्ही मागतो ते स्पष्ट आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी आपल्या प्रत्येक यंत्रावरील परवान्यांची यादी, शेवटच्या अपडेटची तारीख आणि बॅकअप कुठे ठेवला आहे ते दर वर्षी नागरिकांसमोर मांडावे. अंबरनाथच्या आयटीआयने दुरुस्तीच्या दुकानांतील मुलांसाठी संध्याकाळचे सुरक्षा-वर्ग काढावेत आणि दहावी नापासालाही दार उघडे ठेवावे. आनंदनगर आणि बदलापूरच्या एमआयडीसीतील उद्योजक संघटनांनी क्रॅकवर चालणाऱ्या सदस्याला जाब विचारावा. आणि पैसे गेले तर लाजेने तोंड लपवू नका. त्याच मिनिटाला 1930 फिरवा, कारण गेलेले पैसे अडवायला पहिले काही तासच हाती असतात.

वाचकहो, नगरसेवक मते मागायला दारात येईल तेव्हा गटाराबरोबर हेही विचारा: माझ्या घरपट्टीचा, माझ्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा हिशेब ज्या यंत्रात आहे, त्याचे विंडोज विकत घेतलेले आहे की टाकून दिलेले? उत्तर लेखी मागा. आणि विचारायला जाण्याआधी आपल्या घरच्या यंत्रातला क्रॅक काढून टाका.