चाळीस घरांची साक्ष

गावागणिक अवघी चाळीस घरे घेऊन कोरडवाहू शेतीच्या भल्याबुऱ्याचा निवाडा कसा करावा, असा आक्षेप इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ साली सोलापूरकडील शिरापूर, अकोल्याकडील कंझरा आदी सहा गावांत आरंभिलेल्या पाहणीवर घेणारे विद्वान भेटतात. राज्यात कुपोषित किती, हे चाळीस घरे सांगणार नाहीत. त्यासाठी खानेसुमारीसारखी मोठी मोजदादच हवी, हे मला मान्य आहे. परंतु शेती बदलल्याने घरातील माणसांच्या प्रकृतीत काय फरक पडला, हा प्रश्न निराळा आहे. कापूस लावणाऱ्याची मुले ज्वारी पेरणाऱ्याच्या मुलांहून धडधाकट दिसली, की एकवारच्या पाहणीत सारे श्रेय कापसाच्या खाती जमा होते. वास्तविक पहिल्याची विहीर, भारी काळी जमीन आणि शिकलेली घरधनीण ही कापसाच्या आधीपासूनची असतात. तीच घरे सालोसाल पाहून प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागील सालाशी केली, म्हणजे जे बदललेच नाही ते हिशेबातून आपोआप वजा होते.

शिवाय पाहणीदार गावातच मुक्काम करून तीन-चार आठवड्यांनी त्याच उंबऱ्यावर बसे. श्रावणातल्या मजुरीचे दिवस वैशाखात विचारले, तर 'असतील आठ-पंधरा' याहून नेमकी जबानी कोण देणार?

उत्पन्न वाढले की पोषण आपसूक सुधारते, हे गृहीतही याच दफ्तराने डळमळीत केले. बेहरमन व देवलालीकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ साली दाखविले, की मिळकतीबरोबर अन्नावरचा खर्च वाढतो, पण उष्मांकांत म्हणावी तशी भर पडत नाही. पैसा अधिक रुचकर, अधिक महाग जिनसांकडे वळतो. पुढे देवलालीकरांना असेही आढळले, की मजुरीचा संबंध रोजच्या उष्मांकांपेक्षा उंचीच्या मानाने असलेल्या वजनाशी अधिक आहे. वर्षानुवर्षांच्या उपासमारीची नोंद शरीरात असते. ती एका दिवसाच्या ताटात कशी सापडावी?

अशा पाहणीचे खरे वैगुण्य निराळेच आहे, आणि ते मला अस्वस्थ करते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या बिऱ्हाडाच्या दाराला कुलूप दिसते, नोंद तुटते, आणि बहुधा सर्वांत गरजू माणसेच वहीतून गळतात. पाहणीदाराने कारखान्याच्या तळावरील कोपीपर्यंत जावे, तेथे त्या बिऱ्हाडातील बाईचे वजन घ्यावे, आणि गावच्या वहीत तिच्याच नावापुढे ते लिहावे.