ताळेबंद वाचला, रोकड मोजली का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पथकानं मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत प्रत्यक्ष रोकड मोजली, आणि १२२ कोटी कमी भरले. आधीच्या ताळेबंदांवर हिशेबतपासनिसांच्या सह्या होत्याच! ४ ऑगस्टला ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. घेणाऱ्याला तोवर खड्डा दिसला होता.

अवसरी बुद्रुकच्या वाचकांना आम्ही हे का सांगतोय? पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. उद्या तुमची पतसंस्था दुसरी एखादी संस्था पदरात घ्यायला निघाली, तर सभेत हात वर करण्याआधी विचारा: थकीत कर्जं किती, तारणाचं सोनं कोणी तपासलं, रोकड कोणी मोजली? ‘अहवाल वाचलाय’ एवढंच उत्तर आलं, तर आमच्या मते ठराव पुढच्या सभेवर ढकलावा.