जुनं जोतं मोडू नका, तोच आपला पुरावा!



मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर रस्ता आला. जेसीबीने वाटेतली जुनी दगडी विहीर बुजवली, आजोबांच्या वेळच्या दोन घरांची जोती एका सकाळीत सपाट केली. आम्ही पोरं बघत उभे. खोटं कशाला सांगू, खूशच होतो. पावसाळा सरला आणि दाव्याच्या पडताळणीला साहेब आले. पहिलाच सवाल, "पाडा जुना आहे, पुरावा काय?"

पुरावा रस्त्याखाली गेला होता.

सरकार किल्ले जपतं, लेणी जपतं. १९५८ च्या कायद्याप्रमाणे स्मारक ठरायला वास्तू शंभर वर्षं जुनी लागते. आपलं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर गवत. कूड सडला की नवा घालायचा, गवत कुजलं की बदलायचं. आपली भिंत शंभरी कशी गाठणार? पण जोत्याची जागा तीच, लग्नाचा चौक लिहायची भिंत तीच. हे जुनं नाही तर काय? शहरात हॉटेलच्या भिंतीवर वारली चित्र काढलं की ती कला, तो वारसा. ज्या भिंतीवर ते जन्मलं ती झोपडी, आणि वनजमिनीवर असली तर अतिक्रमण! हा कुठला न्याय?

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ५ वाचा. आपल्या सांस्कृतिक वारशाची नासधूस करणाऱ्या कामापासून वस्ती राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. २००८ च्या नियमांतला १३ वा नियम वाचा. घर, झोपडी, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, देवाचं झाड, जुन्या बांधकामाचे अवशेष, हे सगळे पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा आहे. "कागद आणा" एवढंच म्हणून कोणी हाकलत असेल तर हा नियम त्याच्या पुढ्यात ठेवा.

काही भाऊ म्हणतील, मग काय जन्मभर गळक्या घरात राहायचं? नाही. घरकुल घ्या, हक्काने घ्या. रस्ताही मागा. पण ठेकेदार सांगेल तिथे आणि सांगेल तसं नको. वाघदेवाचा दगड बाजूला ढकलून, मसणवटीवरून रस्ता नको. चूक ठेकेदाराची तशी आमचीही. आम्ही विचारलंच नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत एवढं करा. गावातली जुनी जोती, विहिरी, वाघदेव, गावदेव, मसणवट यांची यादी करा. प्रत्येक जागेबद्दल म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घ्या, सही-अंगठा घ्या. नकाशावर खूण करा, फोटो काढा, दाव्याला जोडा. आणि ठराव करा की ग्रामसभेला विचारल्याशिवाय यातल्या एकाही जागेला मशीन लागणार नाही.

म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत. त्यांच्या आधी जोती गेली, तर पुढच्या साहेबाला काय दाखवणार?

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!