तांबड्या रश्शाशी रेड वाइनचे का बिनसते?

'मटणाला रेड, माशाला व्हाइट' हा वाइनचा नियम युरोपातून आला. तिथल्या ताटात झणझणीत रस्सा नसतो. नाशिकच्या वाइनरीत टेस्टिंगला बहुधा चीज समोर येते. तिथे आवडलेली शिराझ घरी तांबड्या रश्शासोबत उघडली की तोंड भाजते आणि खापर वाइनवर फुटते.

रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून टॅनिन उतरते. कडक कोऱ्या चहाचा तुरटपणाही त्याचाच. मिरचीने आधीच चुरचुरणाऱ्या जिभेला हा तुरटपणा आणि अल्कोहोल आणखी डिवचतात. थोडा गोडवा मात्र तिखट सुसह्य करतो. म्हणून रश्शाला किंवा तर्रीदार मिसळीला थंडगार, किंचित गोडसर चेनिन ब्लाँ बरी. कोकमाच्या आंबट कालवणाला तितकीच आंबटसर सोव्हिन्याँ ब्लाँ. तळलेल्या बोंबलाला स्पार्कलिंग. ती जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढते. पुरणपोळीसोबत मात्र ड्राय वाइन नकोच, नुसती आंबट लागेल. तिथे गोड लेट हार्वेस्टच हवी.

'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले, ते २०१० मध्ये. मानांकन इथल्या मातीचे आणि चव शिकवायची परक्या ताटावर, हे आता पुरे. टेस्टिंगच्या टेबलावर एक वाटी रस्साही ठेवा की!

आणि हो, रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी म्हणतात, ते युरोपातल्या १६ ते १८ अंशांच्या खोलीचे. आपल्याकडे मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेली बरी.