बकरीचा पाय आणि चाचीचा हात

इंझोरीत आमच्या घराला लागून एका चाचीचं घर होतं. इंझोरी म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. ज्यांना शेत आहे त्यांच्याकडे सोयाबीन, तूर, कपाशी. ज्यांना नाही त्यांच्याकडे मजुरी आणि दोन-चार बकऱ्या. चाचीकडे तीन बकऱ्या होत्या.

मी तेव्हा सहावीत असेन. एका संध्याकाळी चाचांनी सरपणातलं लाकूड उचललं आणि बकरीच्या पायावर मारलं. तिने वाळत घातलेल्या तुरीत तोंड घातलं, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी चाची बकरीला घेऊन ढोराच्या दवाखान्यात निघाली, सोबत मी. डॉक्टरांनी कामट्या लावून पाय बांधला. बकरीला धरून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण चाचीचा उजवा हात वळतच नव्हता. कोपर सुजलं होतं आणि मनगटावर बांगडी फुटल्याची ताजी जखम होती.

डॉक्टरांनी विचारलं, "पाय कशानं मोडला?" चाची म्हणाली, "पडली." हाताबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परतताना चाची आपणहून बोलली, "थोडा मेरे पे, बाकी बकरी पे उतर गया. अच्छा हुआ."

आज मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पस्तिशी जवळ आलीय, पण हे "अच्छा हुआ" माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्यापैकी अनेकांनी हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं असेल. "राग जनावरावर काढतो, पण बायकापोरांना हात लावत नाही." "भांडी आपटतो, कुत्र्याला लाथ घालतो, मग शांत होतो." मला वाटतं हा दिलासा खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे आपल्या पिढीने उघडपणे बोललं पाहिजे.

राग म्हणजे कुकरमधली वाफ, एका बाजूने निघाली की दुसरी बाजू वाचते, अशी आपली समजूत असते. चाचांचा राग तसा वागत नव्हता. तो दुकानदारासमोर कधी उतरला नाही, मजुरीचे पैसे बुडवणाऱ्या ठेकेदारासमोर उतरला नाही. उतरला तो नेमका त्या दोघींवर, ज्या उलट काही करू शकत नव्हत्या. ज्याला आपण "रागावर ताबा नाही" म्हणतो, त्याचा ताबा बाहेर व्यवस्थित असतो. तो सुटतो तो घराच्या आत.

याचा अभ्यास झालेला आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातली ५३ कुटुंबं तपासली गेली. ती सगळी मुलांच्या छळामुळे सरकारी यंत्रणेच्या नजरेखाली होती आणि प्रत्येकाकडे पाळीव प्राणी होते. त्यातल्या ६० टक्के घरांत प्राण्यांचाही छळ होत होता. जिथे मुलांना मारहाण होत होती, तिथे हे प्रमाण ८८ टक्के निघालं. १९९८ मध्ये फ्रँक अ‍ॅशिओन या संशोधकाने युटा राज्यात नवऱ्याच्या मारहाणीमुळे आधारगृहात आलेल्या ३८ बायकांशी बोलून नोंदी केल्या. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते, त्यांतल्या ७१ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याने त्या प्राण्याला मारायची धमकी दिली होती, किंवा खरोखर इजा केली होती वा ठार केलं होतं. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रौर्याचे गुन्हे वेगळ्या रकान्यात मोजते.

हे अभ्यास लहान आहेत, हे मान्य. बैलाला चाबूक मारणारा प्रत्येक माणूस घरी बायकोला मारतो, असं त्यातून सिद्ध होत नाही आणि मी तसं म्हणतही नाही. माझ्या कामात सर्व्हरवरून रात्री-अपरात्री इशारे येतात. प्रत्येक इशाऱ्यामागे मोठा बिघाड नसतो, पण म्हणून आम्ही ते बंद करून झोपत नाही. उठून बघतो. जनावराचा मोडलेला पाय हा तसा इशारा आहे. त्याने निकाल लागत नाही, पण चौकशी करायलाच हवी.

घरातल्या जनावरावरचा मार तीन कामं करतो. पहिलं, तो निरोप असतो. ज्या बकरीला बायकोने हाताने पाला खाऊ घालून वाढवलं, तिला तिच्यासमोर मारणं म्हणजे "उद्या तुझी पाळी" हे न बोलता सांगणं. दुसरं, तो तिची कमाई तोडतो. आपल्या भागात बकरी ही अनेकदा बाईची एकमेव बँक असते. पोराची फी, दवाखाना, माहेरी जायचं भाडं तिच्यातूनच निघतं. बकरी पांगळी केली किंवा परस्पर विकली, की बाईचा बाहेर पडायचा रस्ता बंद. उलट बकऱ्या जिवंत असल्या तरी ती अडकते, कारण माहेरी गेलं तर त्यांना चारा-पाणी कोण करणार? तिसरं, मुलं बघत असतात. चाचीचा मुलगा माझ्याच वयाचा. तो कुत्र्याच्या पिल्लांना दोरीने बांधून ओढायचा आणि आम्ही हसायचो. तो खेळ त्याने कुठे शिकला, हे मला फार उशिरा कळलं.

आता आपल्या आपसातलं बोलू. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. तेव्हापासून "प्राण्यांवरची क्रूरता" हे शब्द ऐकले की आपण आधी दार लावून घेतो. समोरचा आता कुर्बानीवर येणार, असं वाटतं. ही भीती उगाच नाही. प्राणिप्रेमाच्या नावाखाली आपल्याला दमात घेणारे लोक आहेत. पण त्यांच्या भीतीने आपण आपल्या अंगणातल्या बकरीबद्दल आणि तिच्या मालकिणीबद्दलही बोलायचं सोडलं, तर नुकसान आपलंच. युटातल्या त्या बायका आपल्या जमातीच्या नव्हत्या. हा दोष कुठल्या एका धर्माचा नाही, आणि कुठला धर्म त्यातून सुटलेलाही नाही.

आपल्या परंपरेने तर हे दोन्ही धागे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. जनावराच्या तोंडावर मारू नका, अशी हदीस आहे. बायकोचे हक्क सांगणाऱ्या हदीसमध्येही तेच येतं, तिच्या तोंडावर मारू नका, तिला वाईट-साईट बोलू नका. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट आपण मदरशात ऐकली. ज्याच्या उंटाने पैगंबरांपुढे डोळे गाळले, त्या मालकाला जनावर उपाशी ठेवल्याबद्दल आणि राबवून घेतल्याबद्दल जाब विचारला गेला, हेही ऐकलं. पैगंबरांनी घरात ना बाईवर हात उचलला ना नोकरावर, हे हजरत आयशा यांनी सांगितलेलं आहे. जबेहच्या वेळी जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही, इतकी बारीक काळजी ज्या धर्मात आहे, तिथे सरपणाचं लाकूड घेऊन बकरीमागे धावणारा माणूस कुठल्या तोंडाने "माझं घर, माझी बाई, माझं जनावर" म्हणतो?

महाराष्ट्रातलं चित्र बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. आणि देशभरात अशी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. बाकीच्या चाचीसारख्या "पडली" म्हणतात.

कायदा काय सांगतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आज दोन चहा होतात. जनावराला ठार मारणं किंवा पांगळं करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण घरातल्या जनावरासाठी पोलिसांत कोण जातं?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. पर्सनल लॉचा त्यात अडसर येत नाही. त्यात जनावर हा शब्द नाही, पण वाट आहे. मारहाणीसोबत भावनिक आणि आर्थिक छळही तिथे हिंसाच मानला जातो. बाईची मालमत्ता परस्पर विकणं आर्थिक छळात येतं, आणि ती परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. बकरी तिची असेल, तर ती तिची मालमत्ता आहे. म्हणून संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार लिहिताना "बकरीचा पाय मोडला", "माझ्या दोन बकऱ्या बाजारात विकल्या" ही वाक्यं गाळू नका. कुणाला तक्रार लिहून देत असाल तर तिला हेही विचारा.

मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. त्यामागचा विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण दवाखान्यात येते. तेव्हा नर्स आणि डॉक्टरांना जखम वाचायला शिकवा आणि एकांतात विचारायला शिकवा. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही असं काम सुरू झालं. आमच्या इंझोरीसारख्या गावातली बाई स्वतःच्या हाताची मलमपट्टी करायला जात नाही, पण बकरीची करायला जाते. मग हाच धडा ढोराच्या दवाखान्यात का नको? गावोगावी 'उमेद'च्या पशुसखी घरोघर जाऊन बकऱ्यांना लस देतात, जंताचं औषध पाजतात. त्यांना अंगण दिसतं, चूल दिसते, चेहरा दिसतो. एकाच घरात वारंवार जनावर जखमी दिसलं तर बाईला बाजूला घेऊन काय विचारायचं आणि पुढे कुठे पाठवायचं, एवढं शिकवायला दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरे. ही मागणी आपल्यासारख्या तरुणांनी जिल्हा परिषदेकडे नेली पाहिजे.

हे सगळं मला आत्ताच का सुचलं, तेही सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतोय. काही महिन्यांपूर्वी अम्मीचा फोन आला. चाचीच्या मुलाचं, म्हणजे माझ्या बालमित्राचं, लग्न होऊन काही वर्षं झालीत. अम्मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगताना म्हणाली की त्याने बायकोची पाठ (अजून न व्यालेली बकरी) विहिरीजवळ इतकी मारली की ती उठलीच नाही. "चलो, बहू को तो कुछ नहीं किया," अम्मी म्हणाली.

मी तिला विचारलं, "तुम्ही बहूचा हात बघितला का?"

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी बचत गटाचं निमित्त काढून अम्मी तिच्याकडे गेली, घरात कुणी नसताना. मी शिकवलं होतं तसं आधी बकरीबद्दल विचारलं, मग तिच्याबद्दल. पोरगी तासभर बोलली. महिलांसाठीचा १८१ हा हेल्पलाइन नंबर अम्मीने तिच्या फोनमध्ये आपल्या नावाने टाकून दिला. तिने अजून फोन लावलेला नाही. लावायचा की नाही आणि कधी, हे ती ठरवेल. घाई करणारे आम्ही कोण? पण आता शेजारी एका घराला माहीत आहे, आणि हे तिलाही माहीत आहे.

मित्राशी मी बोललो. त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा करीन.

तुमच्या गल्लीत, मोहल्ल्यात, गावात असं एखादं घर असेल, जिथून जनावराचा ओरडा वारंवार येतो. "त्यांच्या घरचा मामला" म्हणून कानावर हात ठेवू नका, आणि एकटे दार ठोठावून हिरोही बनू नका. घरातल्या कुणा मोठ्या बाईला सोबत घ्या, ती एकटी असताना भेटा आणि विचारा. त्या दिवशी ढोराच्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो, बकरी धरून चौघं. चाचीच्या हाताला काय झालं, एवढं विचारायला कुणाला एक मिनिटही लागलं नसतं.