‘कशासाठी?’

यंदाच्या दिवाळीत पुष्कळ घरांतली एक खोली बंद असेल. बाहेर फराळाच्या ताटांची ने-आण, पाहुण्यांची वर्दळ, आणि आत घरातला थोरला किंवा धाकटी घड्याळ लावून गणिते सोडवीत बसलेली. व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशाची ‘कॅट’ ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस येते. लक्ष्मीपूजन, भाऊबीज तिला ठाऊक नाही. आई हळूच चकल्या आत ठेवून येते आणि वडील आल्यागेल्याला दबक्या आवाजात पर्सेंटाइल समजावून सांगतात.

बहुधा चुकीचेच सांगतात! पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेस बसलेल्या दर शंभरांतील किती जणांना मागे टाकले, त्याचा तो आकडा. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार मुले कॅटला बसली. त्यांत ९९ पर्सेंटाइल मिळवणारा पहिल्या २,९०० च्या आसपास येतो. १९६१ साली निघालेल्या अहमदाबादच्या संस्थेत दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला जागा आहेत सुमारे ४००. पेढ्यांची ऑर्डर देण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट दहावीची. ‘एकदा इंजिनियरिंगला लाग, मग मागचे कोणी विचारीत नाही’ असा आशीर्वाद आपल्याकडे सर्रास दिला जातो. पण अहमदाबाद, बंगळूर यांसारख्या संस्था दहावी, बारावी आणि पदवी यांचे गुणही जमेस धरतात. कशाला किती वजन, हे त्या जाहीर करतात. प्रत्येक संस्थेचे गणित निराळे असते. अर्ज भरण्याआधी ते वाचावे, म्हणजे पुढे नशिबाला बोल लावावा लागत नाही.

पदवी मात्र कोणत्याही शाखेची चालते. काही संस्था तर इंजिनियर नसलेल्या उमेदवारांना थोडे अधिक गुण देतात. सगळा वर्ग एकाच साच्यातला नको, हा त्यामागचा विचार.

आणि मग येते मुलाखत. अहमदाबादेत अंतिम निवडीच्या वेळी मुलाखतीचे वजन कॅटच्या गुणांहूनही जास्त असते. तिथे बसलेले प्राध्यापक अगदी साधा प्रश्न विचारतात : ‘तुम्हाला हे शिकायचे आहे कशासाठी?’ दोन मिनिटांत अवघड उदाहरण सोडवणारी मुले या प्रश्नापाशी अडखळतात.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी आली. मराठी घेऊन बी.ए. झालेली, कॅटला चांगले गुण, मुलाखतीची बोलावणी आलेली. आणि तरी चेहरा उतरलेला. ‘सर, मराठी का घेतलं म्हणून विचारलं, तर काय सांगू?’ शिकवणीच्या वर्गात पाठ केलेले उत्तर तिने मला म्हणून दाखवले. त्यात नेतृत्व होते, जागतिक दृष्टी होती, समाजाचे ऋण होते. ती स्वतः मात्र कुठेच नव्हती.

मी विचारले, ‘तुझी आई काय करते?’ आई फराळाच्या ऑर्डरी घेते आणि हिशेबाची वही ही लिहिते, असे कळले. तिथून तिची जीभ सुटली. ‘दरवर्षी ऑर्डरी वाढतात सर, पण हातात उरतं तेवढंच. शेवटच्या आठ दिवसांत जास्त मजुरी देऊन बायका आणाव्या लागतात, आणि उधारी तुळशीचं लग्न झालं तरी येत नाही. हे असं का होतं, ते मला आईला सांगता येत नाही.’

‘मग हेच त्यांना सांग,’ मी म्हटले. ‘आणि मराठी घेतल्याबद्दल ओशाळू नकोस. विषय तेवढा पक्का करून जा. पदवीच्या विषयावर प्रश्न येतातच. तीन वर्षे जे शिकलो त्याची गोडी ज्याला सांगता येत नाही, त्याच्या पुढच्या दोन वर्षांचा भरवसा त्यांनी कसा धरावा?’

तिला एका संस्थेने नकार दिला, दुसरीने घेतले. चांगल्या उत्तराला जागा मिळतेच असे नाही, हेही घरोघरी सांगितले पाहिजे. पण नकार आला त्या दिवशीसुद्धा आपण कशासाठी निघालो आहोत हे तिला ठाऊक होते, म्हणूनच दुसऱ्या मुलाखतीला ती ताठ मानेने गेली.

हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत पहिल्यांदा कानी पडू नये. तो आधी घरात विचारावा. नामांकित संस्थांची फी आज २० लाखांच्या पुढे गेली आहे; कर्जाच्या कागदावर बहुधा बापाचीही सही लागते. तेव्हा विचारण्याचा हक्क त्याला आहेच. मात्र विचारल्यावर उत्तर ऐकण्याचीही तयारी हवी. एखादा सरळ म्हणेल, ‘पगारासाठी.’ त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पगार कोणते काम केल्याबद्दल, एवढे पुढे विचारावे. आणि एखादी खाली मान घालून म्हणेल, ‘बाबा, तुम्ही म्हणालात म्हणून.’

तसे झाले, तर अर्जाचा विषय त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा आणि फराळाचे ताट मध्ये घेऊन तिच्याशी बोलत बसावे.